'गिरिन' म्हणजे जिराफ नव्हे

प्रश्न असा : कोरियाच्या उल्लुंगदो आणि दोक्दो या खडकाळ बेटांवर 'सॉमगिरिनचो' नावाची पिवळ्या फुलांची रानवनस्पती आहे. तिला मराठीत 'बेटावरचं जिराफ-गवत' म्हणावं का?

अजिबात म्हणू नये. हे यंत्राने केलेलं भाषांतर आहे आणि लोक ते डोळे मिटून पुढे ढकलताहेत. 'सॉम' म्हणजे बेट, इथवर ठीक. पण 'चो' म्हणजे नुसतं गवत नव्हे. कोरियनमध्ये औषधी वनस्पतींना 'याक्चो' म्हणतात, त्यात गवत कुठे आलं? ही तर आपल्या पानफुटीच्या कुळातली. पानं जाड, रसाळ. फुलाला पाच टोकदार पाकळ्या. खोडाचा बुंधा हिवाळाभर जिवंत राहतो आणि वसंतात त्यालाच नवे कोंब फुटतात. गवत म्हणणाऱ्याने एकदा तिचं पान चिमटीत धरून बघावं.

खरी मौज 'गिरिन'मध्ये आहे. हा मूळचा चिनी पुराणातला 'चीलिन' : हरणाचं अंग, त्यावर खवले, डोक्यावर शिंग, आणि इतका दयाळू की जिवंत गवतावर पाय देत नाही! १४१४ साली बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगलला एक जिराफ नजराणा म्हणून पाठवला. दरबाराने ठरवून टाकलं, चीलिन अवतरला. त्याचं चित्र काढलं, वर स्तुतिकाव्यही लिहिलं. आजच्या चिनीत जिराफ म्हणजे 'लांब मानेचं हरीण'. जपानी आणि कोरियनमध्ये मात्र जिराफाला त्या पुराणप्राण्याचंच नाव आहे : 'किरिन' आणि 'गिरिन'. यंत्र फसलं ते इथे.

जपानीत या वनस्पतीच्या भाऊबंदाला 'किरिनसो' म्हणतात. ते मुळात 'की-रिन-सो', म्हणजे पिवळ्या चक्राचं रोप, अशी एक व्युत्पत्ती तिकडे सांगतात. फुलं पिवळी दिसली आणि दिली जुळवून! पिवळं, चक्र, रोप यांची तीच चिनी चिन्हं कोरियनमध्ये वाचली तर 'ह्वांग्न्युन्चो' होईल, 'गिरिनचो' कसं होईल? कोरियन नावात चीलिनच आहे. माझं तर मत असं, की रोपाला हे नाव देणाऱ्याच्या मनात गवत न तुडवणाऱ्या त्या प्राण्याची कथाच असणार. पिवळ्या चक्रापेक्षा मला हे कितीतरी पटतं.

(शास्त्रीय नावातलं 'ताकेसिमेन्से' हे 'ताकेशिमा' या जपानी बेटनावावरून आलंय. बेट कुणाचं, हा जपान-कोरियातला वाद निराळा.)

मराठी नाव हवंच असेल तर 'गिरिनफुली' मला चालेल.