अँटिट्रिप्सिन: नाव ट्रिप्सिनचे, काम फुफ्फुसात

प्रश्न असा आहे: "'प्रोटिएज इन्हिबिटर'ला मराठी शब्द काय? रुग्णांसाठीच्या एका पत्रकाच्या अनुवादात मी 'अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे ट्रिप्सिनविरोधी प्रतिपिंड फुफ्फुसांना ट्रिप्सिनपासून वाचवते' असे लिहिले आहे. ते बरोबर आहे का?"

शब्दाचे आधी बघू. एन्झाइमला 'विकर' आणि प्रोटीनला 'प्रथिन' हे शब्द शालेय पुस्तकांमुळे रुळले आहेत, तेव्हा प्रोटिएज म्हणजे प्रथिनभंजक विकर. इन्हिबिटरसाठी प्रतिबंधक, निरोधक, रोधक असे सगळेच शब्द वापरात दिसतात. त्यातला 'प्रतिबंधक' मी टाळेन. 'रोगप्रतिबंधक लस' वगैरे प्रयोगांमुळे 'होण्याआधीच टाळणारा' हा अर्थ त्याला घट्ट चिकटला आहे. इथे तर विकर तयार होऊन मोकळा सुटलेला असतो, त्याला अडवायचे असते. म्हणून 'प्रथिनभंजक-रोधक' म्हणावे. पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे नुसते 'रोधक' चालेल. एचआयव्हीवरच्या गोळ्यांबद्दल लिहिताना मात्र 'प्रोटिएज इन्हिबिटर' तसेच ठेवा. ती औषधे विषाणूचा स्वतःचा प्रोटिएज अडवतात; शरीराच्या ऊती वाचवणे हे त्यांचे काम नव्हे.

आता वाक्य. 'प्रतिपिंड' म्हणजे अँटिबॉडी. अँटिट्रिप्सिन प्रतिपिंड नाही. ते मुख्यतः यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे, ३९४ अमिनो आम्लांचे एक प्रथिन आहे. नुसत्या 'अँटि'वरून 'प्रतिपिंड' लिहिणे हा अनुवादातला नेहमीचा घात आहे.

दुसरी चूक तुमची नाही, नावाची आहे. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडाचा पाचक विकर, त्याची जागा लहान आतड्यात. फुफ्फुसाशी त्याचा संबंध नाही. रक्तद्रवाची रोधकशक्ती प्रयोगशाळेत ट्रिप्सिनवर मोजली गेली, म्हणून हे नाव पडले. 'अल्फा-१' ही तर निव्वळ जागा: विद्युत्-संचरणाच्या (विजेने रक्तातली प्रथिने वेगळी करण्याच्या चाचणीच्या) पट्टीवर अल्ब्युमिन या प्रथिनाच्या शेजारचा पट्टा. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांना सुमारे १,५०० रक्तनमुन्यांपैकी पाचांत हा पट्टाच दिसला नाही, आणि त्या पाचांपैकी तिघांना फुफ्फुसाचा विकार होता. तिथून खऱ्या लक्ष्याचा माग लागला: न्यूट्रोफिल इलास्टेज. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी हा विकर बाळगतात. पेशी फुटली की तो बाहेर सांडतो आणि वायुकोशांच्या भिंतींतले इलास्टिन हे लवचिक प्रथिन कापू लागतो. कापलेले इलास्टिन प्रौढ वयात नीट भरून येत नाही. भिंती मोडून लहान कोशांच्या जागी मोठ्या पोकळ्या होतात. हीच वातस्फीती (एम्फिसीमा).

रोधक इलास्टेजला अडवतो तो उंदराच्या चापासारखा. त्याच्या अंगाबाहेर एक लवचिक फास असतो, आणि त्यावर ३५८व्या जागी मेथिओनिन हे आमिष. इलास्टेज तिथे चावा घेतो, पण काप पुरा होण्याआधीच फास झटक्यात रोधकाच्या पोटात शिरतो आणि विकराला सुमारे ७ नॅनोमीटर ओढत दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतो. विकराची घडण बिघडते, दोघे कायमचे जोडले जातात आणि जोडी यकृतात नष्ट होते. (गंमत म्हणजे २००० साली अशा जोडीची जी स्फटिकरचना प्रसिद्ध झाली ती ट्रिप्सिनसोबतचीच होती. ट्रिप्सिनही अडकते, शरीरात ते मुख्य काम नाही, एवढेच.) या घराण्याला 'सर्पिन' म्हणतात. त्याचा सापाशी काही संबंध नाही. 'सेरीन प्रोटिएज इन्हिबिटर'चे ते आखूड रूप आहे.

चाप एकदाच उडतो. एका विकरामागे एक रोधक खर्ची पडतो, म्हणून रक्तातली पातळी महत्त्वाची. नेहमीची पातळी साधारण ९० ते २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ५७च्या खाली गेली तर फुफ्फुसाला धोका धरतात. ताप किंवा दाह असला की ही पातळी वाढते आणि सौम्य कमतरता झाकली जाते, म्हणून सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी रक्तचाचणी बघावी. आकडा कमी आला तर पुढे अँटिट्रिप्सिनचा जनुकीय प्रकार तपासतात: एम हा नेहमीचा, झेड सर्वांत त्रासदायक. झेडमध्ये ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते, घडी चुकते आणि रेणू एकमेकांत गुंतून यकृताच्या पेशीतच अडकतात. परिणामी फुफ्फुसात तुटवडा आणि यकृतात साठा, दोन्हीकडून नुकसान. हा प्रकार उत्तर युरोपीय वंशात अधिक आढळतो, भारतात विरळ. पण सिगारेटचा धूर कोणालाच सोडत नाही. तो त्या ३५८व्या मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण करतो, मग पातळी चांगली असूनही चाप नीट उडत नाही.

आमिष बदलले तर शिकारही बदलते. १९८३ साली नोंदलेल्या एका रुग्णात ३५८व्या जागी मेथिओनिनऐवजी आर्जिनिन होते. त्याचे अँटिट्रिप्सिन इलास्टेज सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच पकडत होते, आणि तो मुलगा रक्तस्रावाने दगावला.

खरोखर ट्रिप्सिनसाठी असलेला रोधक स्वादुपिंडातच आहे, त्याच्या जनुकाचे नाव स्पिंक१. ट्रिप्सिनोजेन, म्हणजे ट्रिप्सिनचे निद्रिस्त रूप, आतड्यात पोचण्याआधीच चुकून जागे झाले, तर तयार झालेले थोडे ट्रिप्सिन तो धरून ठेवतो. धरणे अपुरे पडले की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. भारतातल्या जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत या जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो. कच्च्या सोयाबीनमध्येही ट्रिप्सिन-रोधक असतो. तो उष्णतेने निकामी होतो, म्हणून सोयाबीन नीट शिजवूनच खावे.

तेव्हा पत्रकातले वाक्य असे करा: "अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. पांढऱ्या पेशींतून सांडलेल्या इलास्टेज या विकराला अडकवून ते फुफ्फुसांचे रक्षण करते." नाव मात्र भाषांतरित करू नका, अँटिट्रिप्सिनच ठेवा. 'प्रतिट्रिप्सिन' लिहिले तर रुग्णाला तपासणीच्या अहवालात ते सापडणार नाही.