नवा ग्रंथपाल नेमताना: वाचनालयांचे प्रश्न

या अंकासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या वाचनालयांकडून जे प्रश्न आले, त्यांतले बहुतेक ग्रंथपालाच्या नेमणुकीचे आहेत. म्हणून या वेळी तोच एक विषय घेतला आहे.

प्रश्न : आमचे ग्रंथपाल ऑक्टोबरअखेर निवृत्त होत आहेत. निर्गम सहाय्यक (पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या) ताईंना वाचक ओळखतात, त्यांनाच बढती द्यावी असे मंडळातल्या काहींचे मत आहे. बाकीच्यांना बाहेरून पदवीधर हवा आहे. काय करावे?
— कार्यवाह, तालुका वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

मतदानाआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना एक पत्र लिहा. नेमणुकीला आधार असतो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा आणि त्याखालच्या १९७०च्या मान्यता नियमांचा. शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग त्याच चौकटीत आहेत, आणि किती कर्मचारी असावेत, त्यांची पात्रता काय असावी, हे तुमच्या वर्गावर अवलंबून असते. तुमच्या वर्गाला आज काय लागू आहे, ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून लेखी मागवा. तोंडी उत्तरावर ठराव करू नका. पात्रतेत न बसणारी नेमणूक वार्षिक तपासणीत निघते, आणि अनुदान अडकले की ज्यांचा काही दोष नाही त्यांचेही पगार थांबतात.

ताई पात्रतेत बसत असतील तर त्यांनीही इतरांसारखा अर्ज करावा आणि तीच परीक्षा द्यावी. त्यांनाही हेच बरे, कारण नंतर ‘मंडळाने आपलीच माणसे लावली’ असे कोणी म्हणू शकत नाही. जरा कमी पडत असतील तर ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काही महिन्यांचा असतो. पदवी झालेली असेल तर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातूनही पुढचे शिक्षण घेता येते. तोवर ‘प्रभारी’ म्हणून नेमा, पण मुदत ठरावात लिहा. मुदत नसलेला प्रभार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

बढती दिलीत तर त्याच सभेत निर्गम सहाय्यकाची जागा भरण्याचा ठरावही करा. हे राहून गेले की नवा ग्रंथपाल दिवसभर देवघेवीच्या टेबलावरच बसतो, नवी पुस्तके वर्गीकरणाविना गठ्ठ्यात पडून राहतात, आणि वर्षाअखेरीस खापर त्याच्यावर फुटते. निवड दुसऱ्याची झाली तर ताईंना ती बातमी अध्यक्षांनी स्वतः, जाहीर होण्याआधी सांगावी. नव्या माणसाला पहिले सहा महिने त्यांच्याच मदतीवर काढायचे आहेत.

प्रश्न : जाहिरातीला तीनच अर्ज आले. दोघे मानधन ऐकून मुलाखतीलाच आले नाहीत. जाहिरातीत काय चुकले?
— अध्यक्ष, ग्रामीण वाचनालय, सिंधुदुर्ग जिल्हा

‘मानधन योग्यतेनुसार’ असे छापले असेल तर चूक तिथेच आहे. आकडा छापा. त्यातला अनुदानाचा भाग किती, संस्थेचा स्वतःचा किती, हेही सांगा. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला तर पगार कशातून देणार, हा प्रश्न समंजस उमेदवार विचारणारच. किमान तीन महिन्यांचे पगार भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मग जाहिरात द्या, आणि तसे लिहाही. ही नोकरी संस्थेची आहे, सरकारी नाही, हेदेखील स्पष्ट असावे. त्याबाबत गैरसमज झालेला माणूस वर्षभरात सोडून जातो.

वेळ लिहा. बऱ्याच ठिकाणी सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास अशी विभागलेली वेळ असते. आडगावातून येणाऱ्याला मधले पाच तास जायचे कुठे, आणि रात्री आठला कुलूप लावल्यावर शेवटची एसटी मिळते का? चांगल्या महिला उमेदवार बहुतेक याच कारणाने गळतात. संध्याकाळी अर्धा तास आधी बंद करून सकाळी अर्धा तास वाढवला तर वाचक सहसा कुरकुर करत नाहीत. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आल्यावर गर्दी वाढते, तेव्हा रजा मिळणार नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न : आमच्या मंडळात शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आहेत, ग्रंथालयशास्त्र कोणालाच येत नाही. मुलाखतीत पारख कशी करायची?
— कार्यवाह, शहर वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

मुलाखत अर्ध्या तासाची ठेवा आणि प्रात्यक्षिक दीड तासाचे. ‘वाचनसंस्कृतीबद्दल तुमचे विचार काय’ या प्रश्नावर सगळेच छान बोलतात, त्यातून काही कळत नाही. शेजारच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना परीक्षक म्हणून बोलवा, आणि ते उमेदवारांपैकी कोणाचे नातेवाईक नाहीत ना, एवढे पाहा.

पहिले काम : वीस पुस्तके समोर ठेवा आणि वर्गांक, म्हणजे विषयाचे क्रमांक, घालायला सांगा. तुमच्याकडे ड्यूई (आकड्यांनी विषय दाखवणारी वर्गीकरण) पद्धत असेल तर मराठी कादंबरीला ८९१.४६३ आणि कवितेला ८९१.४६१ हे न पाहता यायला हवे. बाकीच्यांसाठी वर्गीकरणाचा ग्रंथ हाताशी द्या, पाठांतर तपासायचे नाही. खरी कसोटी अवघड पुस्तकांत आहे. दशावतारावरचे पुस्तक नाट्यकलेत घालायचे की लोकसंस्कृतीत? हापूसच्या लागवडीची पुस्तिका, मासेमारीचा अहवाल, एखाद्या गावाचा इतिहास यांचे काय? दोन उत्तरे बरोबर असू शकतात. उमेदवार कारण सांगतो का, आणि तुमच्या कपाटात अशी पुस्तके आधी कुठे लावली आहेत हे पाहायला उठतो का, ते बघा. जो उठला त्याला गुण द्या. आधीची पद्धत न पाहता नवे क्रमांक घालणाऱ्या माणसामुळे एकाच विषयाची पुस्तके तीन कपाटांत विखुरतात.

दुसरे काम : पाच नवी पुस्तके आणि त्यांचे बिल द्या. दाखल नोंदवहीत (आलेले प्रत्येक पुस्तक जिथे क्रमाने लिहितात तिथे) नोंद करायला लावा. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक. बिलात मुद्दाम एक पुस्तक जास्त लिहून ठेवा. पुस्तके मोजून बिलाशी ताडणारा उमेदवार लगेच ओळखू येतो.

तिसरे काम वाचकाचे. मंडळातल्या एकाने वाचक व्हावे. ‘माझ्या आईला डोळ्यांचा त्रास आहे, तिला सोपे काहीतरी द्या.’ चांगला ग्रंथपाल आधी विचारतो : आधी काय वाचले आहे, काय आवडले, ठळक अक्षर हवे का, की कोणी वाचून दाखवणार आहे? जो विचारल्याशिवाय थेट कपाटाकडे जातो, त्याला हे अजून शिकावे लागेल.

चौथा प्रश्न कोकणासाठी खास, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : पावसाळ्यात पुस्तके कशी सांभाळाल? ‘डांबरगोळ्या ठेवू’ हे उत्तर पुरेसे नाही, डांबरगोळीने बुरशी थांबत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. उत्तरात हवा खेळती ठेवणे यायला हवे. कपाट भिंतीपासून चार-पाच बोटे पुढे, खालचा खण जमिनीपासून निदान सहा इंच वर, पुस्तके खच्चून न भरता सैल लावलेली, पाऊस उघडल्यावर कपाटांची दारे थोडा वेळ उघडी. वाळवीसाठी आठवड्याला भिंतीकडची बाजू पाहणे. जुन्या पिवळ्या पडलेल्या पानांना चिकटपट्टी ‘अजिबात लावणार नाही’ असे सांगणाऱ्याला ते काम कळते. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जात नाही.

पुराचेही विचारा. २००५ आणि २०२१च्या जुलैत चिपळूणने काय सोसले ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चे. नदीकाठच्या वाचनालयात दाखल नोंदवही आणि दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर नसावेत. भिजलेल्या पुस्तकांना साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. ती उन्हात टाकायची नाहीत, पाने वाकडी होतात आणि बांधणी उकलते. पंख्याखाली उभी करून, पानांमध्ये कोरे टिपकागद घालून, कागद बदलत सुकवायची. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके आधी हाताळायची, कारण ती सुकली की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. सगळी एकदम सुकवता येत नसतील तर उरलेली पिशव्यांत घालून बर्फघरात ठेवता येतात. कोकणात मासळीमुळे बर्फाची सोय बहुतेक ठिकाणी जवळ असते, कोणाशी बोलायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

प्रश्न : बावीस हजार ग्रंथ आहेत. जुन्या ग्रंथपालांनी यादीवर सही करून कार्यभार सोपवला तर चालेल का?
— कोषाध्यक्ष, तालुका वाचनालय, सिंधुदुर्ग जिल्हा

चालवू नका. ग्रंथपडताळणीविना नव्या माणसाने सही केली की मागच्या वीस वर्षांत गहाळ झालेले प्रत्येक पुस्तक त्याच्या माथी येते. एकाने कपाटातून दाखल क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने यादीत खूण करायची, अशी जोडी दिवसाला सात-आठशे पुस्तके करते. म्हणजे एका जोडीला साधारण महिना, दोन जोड्यांना पंधरवडा. म्हणून जुन्या आणि नव्या ग्रंथपालांचा काळ निदान एक महिना एकत्र यावा अशी नेमणुकीची तारीख धरा. तो दुहेरी पगार वाया जात नाही.

महिना मिळणारच नसेल तर नमुना तपासा. नोंदवहीतून कुठलेही दोनशे क्रमांक काढून पुस्तके कपाटात शोधा, मग कपाटांतून कुठलीही दोनशे पुस्तके काढून नोंदवहीत शोधा. पहिल्या तपासणीत गहाळ पुस्तके कळतात, दुसरीत नोंद न झालेली किंवा चुकीची नोंद झालेली. वाचकांकडे असलेली आणि बांधणीला गेलेली वेगळी लिहा, ती गहाळ नव्हेत. दोनशेत दहापेक्षा जास्त खरोखर सापडली नाहीत तर पूर्ण पडताळणीला पर्याय नाही, आणि हस्तांतरणाच्या कागदावर ‘पडताळणी बाकी’ असे लिहूनच सह्या घ्या. निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करणे, मंडळाच्या ठरावाने आणि नियमानुसार व्हावे, जाता जाता कोणी परस्पर करू नये.

पुस्तकांइतकेच बाकीचे महत्त्वाचे. सभासद नोंदवही आणि अनामत रकमांची यादी बँकेतल्या शिलकेशी जुळते का? इथे फरक निघतो आणि तो बहुधा जुना असतो. वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तके क्रमांकानुसार, जडवस्तू नोंदवही, रोकडवही, मागच्या तपासणीचे शेरे आणि त्यांची उत्तरे, नियतकालिकांच्या वर्गण्या कधी संपतात, कोणती चावी कोणत्या कुलपाची. प्रत्येकाची एक ओळ, समोर दोघांच्या सह्या आणि कार्यवाहांची तिसरी.

प्रश्न : संगणकावर ई-ग्रंथालय प्रणाली आहे. पासवर्ड फक्त सध्याच्या ग्रंथपालांना माहीत आहे.
— विश्वस्त, शहर वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

ते कामावर असतानाच बदलून घ्या. प्रणालीला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल व्यक्तीचे नसून संस्थेचे हवेत. पासवर्ड बंद पाकिटात, कार्यवाहांच्या कपाटात. विदा (प्रणालीतला सगळा डेटा) दोन ठिकाणी साठवा, एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर, आणि नवा ग्रंथपाल रुजू होण्याआधी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का ते करून पाहा. उघडली नाही तर जुने ग्रंथपाल अजून समोर आहेत, तेव्हाच दुरुस्त होईल.