काटोलचा अशनी: आत काय आहे, आणि असा दगड शेतात सापडला तर तो कसा तपासावा, कसा उचलावा

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. २०१२ साली नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेल्या अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडात, कोणती खनिजं निघाली, हा एक. भावाच्या शेतात नांगराला लागलेला दगड त्यातलाच असू शकतो का, हा दुसरा. तो दगड जड आहे, काळा आहे, चुंबक धरतो आणि त्यात बारीक भोकं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. भोकं असतील तर बहुतेक नाही.

काटोलची जमीन बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या खडकावर आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू निसटतात आणि भोकं मागे राहतात. नंतर त्यात झिओलाइट नावाचं पांढरं खनिज किंवा हिरवट भुकटी भरते. दगडी अशनीच्या आत अशी भोकं नसतात. चुंबकाचं म्हणाल तर बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं खनिज) असतंच, त्यामुळे चांगलं चुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेलं की तेही ओढलं जातं. आपल्याकडे 'चुंबक चिकटलं म्हणजे आकाशातला दगड' हा समज जितके गैरसमज पसरवतो तितके दुसरं काही पसरवत नाही. रामटेक, सावनेरच्या बाजूला मँगनीजचं खनिज हा आणखी एक चकवा. तेही काळं आणि हाताला भलतंच जड लागतं. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासून पाहा. मँगनीज काळी रेघ सोडतं, हेमाटाइट (लोहाचं खनिज) लाल-तपकिरी. ताजा अशनी जवळजवळ काहीच रेघ सोडत नाही, फार तर फिकट राखाडी.

शिवाय साल लक्षात घ्या. २०१२ नंतर दहापेक्षा जास्त पावसाळे गेले. काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या वस्तू गिळते. त्यात इतकी वर्षं पडलेल्या तुकड्याचं कवच (हवेतून येताना वितळून झालेला पातळ काळा थर) काळं कुळकुळीत राहत नाही, ते तपकिरी पडतं आणि आतल्या लोखंडाचा गंज राखाडी दगडावर डागांसारखा पसरतो. 'आजही काळाभोर' हे वर्णन ऐकूनच मला शंका येते.

आता काटोलकडे. २२ मे २०१२ च्या दुपारी मोठा स्फोटासारखा आवाज होऊन काटोलच्या आसपास दगड पडले. नोंदलेलं एकूण वजन सुमारे १३ किलो, वर्ग एल६. तारीख नशिबाची म्हणायची. विदर्भात पाऊस जूनच्या मध्याला पोचतो, म्हणजे कोरड्या, मोकळ्या रानात शोधायला तीनेक आठवडे मिळाले. हेच दगड जुलैत पडले असते तर सोयाबीनखाली आणि चिखलात गेले असते.

'एल६' मधलं 'एल' म्हणजे कमी लोहाचा गट. साध्या कॉन्ड्राइट जातीच्या दगडी अशनींचे तीन गट आहेत. एच गटात एकूण लोह वजनाने २५ ते २८ टक्के, एल मध्ये २० ते २३, एलएल मध्ये १८ ते २०. गुजरातमधल्या धजाळाला २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला सुमारे ४५ किलोचा अशनी एच गटातला. एकूण लोहापेक्षा ते लोह कुठे बसलंय हे जास्त महत्त्वाचं. एच मध्ये ते धातूच्या कणांत जास्त असतं, एलएल मध्ये सिलिकेटमध्ये, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या खनिजांत. म्हणून वर्गीकरण करताना ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजामध्ये लोहाचा वाटा (फायालाइट) किती ते मोजतात. एच मध्ये साधारण १६ ते २० मोल टक्के (वजनाने नाही, रेणूंच्या संख्येने), एल मध्ये २१ ते २५, एलएल मध्ये २६ ते ३२.

'६' हा आकडा भट्टीचा. हा दगड ज्या मोठ्या पिंडाचा भाग होता तिथे तो काही काळ ८०० ते ९५० अंश सेल्सिअसच्या घरात शेकला गेला, पण वितळला नाही. त्यामुळे कॉन्ड्रूल, म्हणजे सूर्यमालेच्या सुरुवातीच्या वितळलेल्या थेंबांचे मिलिमीटरभर गोळे, जवळजवळ पुसले जाऊन आजूबाजूच्या कणांत मिसळले. ३ क्रमांकाच्या अशनीत ते शेवेवर ठेवलेल्या मोहरीसारखे वेगळे दिसतात. ६ मध्ये भिंगातून नीट पाहिलं तर कुठे कुठे गोल कडेचा भास होतो, इतकंच.

एल६ दगडात वजनाने सर्वात जास्त ऑलिव्हीन असतं, साधारण निम्म्याच्या जवळ. त्यानंतर कमी कॅल्शियमचं पायरोक्सीन, पावभागाच्या आसपास. सोडियमचं फेल्डस्पार दहा टक्के आणि कॅल्शियमचं पायरोक्सीन पाचेक टक्के. निकेलयुक्त लोहधातू सात-आठ टक्के, ट्रॉइलाइट (लोहाचं सल्फाइड) पाच-सहा टक्के. क्रोमाइट आणि फॉस्फेट एकेक टक्क्याच्या आत. यातलं ऑलिव्हीन, पायरोक्सीन, फेल्डस्पार तुमच्या बेसाल्टमध्येही मिळेल. धातू मिळणार नाही. पृथ्वीवरच्या साध्या खडकात निकेलसकट सुटा लोहधातू सिलिकेटच्या कणांशेजारी बसलेला अतिशय क्वचित असतो, कारण इथे हवा आणि पाणी त्याला टिकू देत नाहीत. म्हणून दगड ओळखायचा तो त्या धातूवरून.

तो बघायचा कसा, ते सांगतो. दहापट भिंग घ्या आणि आधीच फुटलेला काठ शोधा. फुटलेला नसेल आणि दगड जुना असेल तर एका कोपऱ्यात पाच मिलिमीटरची जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडीच घासा. पाणी लावू नका. आता उन्हात दगड हळूहळू फिरवा. बेसाल्टमधलं फेल्डस्पारही चमकतं आणि लोक इथेच फसतात. पण ते सपाट काडीसारखं असतं, एका ठरावीक कोनातच लखलखतं आणि पुढच्या अंशाला विझतं. धातूचा कण कुठल्याही कोनातून चांदीसारखाच राहतो. शिवणाच्या सुईच्या टोकाने त्याला दाबा. फेल्डस्पारची पांढरी पूड निघते, धातूवर पूड न निघता खळगा पडतो आणि खळगाही चमकतो. आकारही पाहा. अशनीतला धातू इतर कणांच्या फटींत घुसलेला, वेडावाकडा असतो. लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीत तो गोल थेंबांसारखा असतो आणि भोवती काच आणि बुडबुडे. ट्रॉइलाइट त्याच्या शेजारीच असतं, रंग कांस्यासारखा.

निकेलची चाचणी डायमिथिलग्लायऑक्साइम या रसायनाने होते. अमोनियाने ओलसर केलेल्या कापसावर ते घेऊन धातूवर घासलं की निकेल असल्यास कापूस गुलाबी होतो. ही ओली चाचणी आहे, त्यामुळे ती सुट्या कणावरच करा, मुख्य दगडावर नाही. आणि स्टेनलेस स्टीलही गुलाबी करू शकतं, म्हणून सुईने पाहण्याची पायरी गाळू नका.

घनता घरी काढता येते, पण पाण्यात बुडवून नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत घालतात ते बारीक काचमणी घ्या. ५०० मिलीचं भांडं मण्यांनी काठोकाठ भरा, ठरावीक वेळा टपटपा, पट्टीने वरून सपाट करा, वजन करा. समजा मणी ७५० ग्रॅम भरले, म्हणजे एका मिलीला दीड ग्रॅम. मग दगड आत ठेवून तितक्याच वेळा टपटपत त्याच मण्यांनी भरा. ४१२ ग्रॅमच्या दगडाने १८३ ग्रॅम मणी बाहेर उरले तर आकारमान १२२ मिली आणि घनता ३.३८. एल गट ३.३ ते ३.४ च्या आसपास येतो, बेसाल्ट २.७ ते ३.०. टपटपणं बदललं की उत्तर सहज पाच टक्क्यांनी घसरतं, म्हणून तीनदा करून सरासरी घ्या.

चुंबक मात्र नकोच. नवी पांढरी, ताकदवान निओडिमियम चुंबकं दगडावर टेकवली की त्यातली जुन्या चुंबकीय क्षेत्राची नोंद पुसून जाते. ती नोंद ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या जगाची असू शकते आणि एकदा गेली की परत आणता येत नाही. होकायंत्राची सुई दगडाजवळ हलते का, एवढं पुरेसं आहे.

काटोलच्या खनिजांत सगळ्यात मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दगडात काळ्या, केसासारख्या शिरा आहेत. पिंडांची टक्कर होऊन त्या क्षणभर वितळल्या आणि लगेच गोठल्या. अशा शिरांभोवती फेल्डस्पारचं मास्केलिनाइट होतं, म्हणजे वितळून वाहण्याआधीच दाबाने त्याची काच होते. (ते पहिल्यांदा १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या अशनीत ओळखलं गेलं.) काटोलच्या शिरांत आयआयटी खरगपूरच्या सुजॉय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०२१ साली लोह आणि ॲल्युमिनियम असलेलं ब्रिजमनाइट हे खनिज मिळाल्याची नोंद झाली. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात (कवच आणि गाभा यांमधल्या थरात), ६६० किलोमीटरच्या खाली, हेच खनिज सर्वात जास्त आहे. तिथून खणून काढणं शक्य नाही, आणि वर आणताना दाब सुटला की ते टिकत नाही. त्याला साधारण २३ ते २५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सव्वादोन लाख पटींहून जास्त दाब लागतो. टक्करीत तो दाब क्षणभर मिळाला आणि शीर इतकी झटकन थंड झाली की खनिज अडकून राहिलं. हे सगळं मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापात आहे. दगड फोडून, धुऊन, चुंबकाला लावून ठेवला असता तर असल्या कामासाठी तो तितका उरला नसता.

म्हणून उचलण्याची पद्धत. आवाज ऐकू आला तर दिशा आणि वेळ लिहून ठेवा. उजेड दिसणं आणि आवाज येणं यातले सेकंदसुद्धा. दगड लंबवर्तुळात विखुरतात. पुढच्या टोकाला जड, मागे हलके, आणि बारीक तुकडे वाऱ्याने बाजूला सरकतात. एक मोठा तुकडा मिळाला की त्या दिशेने पुढे जाऊन आणखी मोठा शोधण्यात अर्थ आहे. पाच-सहा माणसं दोन मीटर अंतराने रांगेत चालवा. सुतळी बांधली तर अंतर वाकडं होत नाही. पडलेला दगड आग लावण्याइतका तापलेला नसतो, त्यामुळे गवत जळल्याच्या खुणा शोधत बसू नका.

मिळाला की हात लावण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, उत्तर दिशा दाखवा. जागेचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत नोंदवा. पाचवं स्थान म्हणजे सुमारे एक मीटर. खड्डा असेल तर त्याची रुंदी आणि खोली मोजा. ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात पडलेल्या दगडाचा खड्डा ४३ सेंटिमीटर रुंद होता. हातात नायट्राइलचे मोजे. दगड नव्या, न वापरलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात. वर्तमानपत्र, कापूस, चिकटपट्टी नको. दगडावर मार्करने नंबर नको, चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत. प्रत्येक तुकडा वेगळा. गावात देव म्हणून हळदकुंकू, तेल, नारळाचं पाणी वाहिलं जातं. त्यावरून वाद घालू नका. एक तुकडा पूजेला राहू द्या, पण उरलेले आधी बांधून घ्या.

पाण्याची भीती का, ते कळावं म्हणून दोन उदाहरणं. साध्या अशनीतल्या लोखंडाला पाणी आणि क्लोरिन मिळालं की गंज आतून फुगतो आणि दगड सालपटांत फुटतो. दुसरं टोक म्हणजे १८५२ साली उत्तर प्रदेशात बस्तीला पडलेला अशनी. त्यात कॅल्शियम सल्फाइड मिळालं आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला ओल्डहॅमाइट नाव पडलं. ते पाण्यात टिकत नाही. त्याच जातीचा अशनी १७ ऑगस्ट २०२२ ला, भर पावसाळ्यात, गुजरातमधल्या दियोदरला पडला. अशा वेळी एकेक तास मोलाचा.

ताजा दगड असेल तर आणखी एक घाई आहे. अंतराळात वैश्विक किरणांनी तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं त्यात असतात, हाताळायला निर्धोक पण झपाट्याने संपणारी. सोडियम-२४ चं अर्धायुष्य १५ तास, व्हॅनेडियम-४८ चं १६ दिवस, क्रोमियम-५१ चं सुमारे २८ दिवस. ॲल्युमिनियम-२६ मात्र लाखो वर्षं टिकतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत ही मोजणी होते आणि त्यासाठी दगड अखंड लागतो. म्हणून 'आत काय आहे बघू' म्हणून हातोडा मारू नका.

भारतात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय आहे. तलाठ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवलं तरी पुढे तिकडेच जातं. नाव अधिकृत होण्यासाठी किमान २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं संस्थेत जमा राहतं. तिथे हिऱ्याच्या पातीच्या संथ करवतीने, पाण्याऐवजी अल्कोहोल वापरून चकती कापतात आणि घासून ०.०३ मिलिमीटर पातळ करतात.

भावाच्या दगडासाठी आधी भिंग आणि सुई, मग काचमणी. तिन्ही जमले तर उन्हातले तीन-चार फोटो (एकात फुटलेला काठ, एकात पूर्ण कवच, एकात पट्टी), वजन आणि घनता इथे टाका.