मुलगा जर्मनीला चाललाय, इथलं नागरिकत्व राहील ना?

प्रश्न : ताई, मुलगा नोकरीसाठी म्युनिकला निघालाय. तिथे नावनोंदणी केली की भारताचं नागरिकत्व जातं, असं शेजारी म्हणतात. काटोलला आमची संत्र्याची बाग आहे, तिचं काय? – एक आई, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो, जात नाही. ती नोंदणी फक्त पत्त्याची. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची आणि त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतंच. माझ्या भाच्यानं खोली घेताना ते मागितलं नाही. मालक टाळत राहिला, नोंदणी अडली, कर क्रमांक आला नाही आणि पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दरानं कर कापला गेला. पोरगं फोनवर रडवेलं झालं होतं. तेव्हा पत्राचं आधी विचारायला सांगा.

नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं स्वेच्छेनं घेतल्यावर. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. जर्मनीला २०२४पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याकडे चालत नाही. ते घेत नाही तोवर नमुना ६अ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचा मतदार नोंदणी अर्ज) भरून तो मतदार राहू शकतो, मत मात्र नागपुरात येऊनच. पुढे जर्मन नागरिक होऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) घेतलं तरी बाग वारशानं मिळेल; नवी शेतजमीन घेता येणार नाही, मतही नाही.