कोविडमुळे मोठ्या माणसांचं नेहमीचं लसीकरण खरंच घटलं का?

हो, आणि चांगलंच. अमेरिकेतली मेडिकेअरवाली (म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा असलेली) ६५ च्या पुढची मंडळी घ्या. मार्च २०२० मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि एप्रिलच्या सुमारास त्यांचं न्यूमोनिया, नागीण, धनुर्वाताचं लसीकरण आदल्या वर्षीपेक्षा ७० ते ८९ टक्क्यांनी खाली आलं. साध्या तपासण्या पुढे ढकललेल्या, त्यात बाहेर पडायची धास्ती. नंतर आकडे हळूहळू सावरले. २०२१ च्या सुरुवातीला मात्र कोविडच्या लसीच्या मागेपुढे १४ दिवस दुसरी लस नको, अशी सूचना होती. ती मे महिन्यात उठली.

मला खरी काळजी वाटते नागिणीच्या लसीची. तिचे डोस दोन, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. घरात कुणाचा दुसरा राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा.