साटंलोटं, साठेखत आणि 'साठी'

विचारणा अशी आहे: "प्रेम सोडून इतर कारणांनी, म्हणजे जमीन, पैसा, घराणं पाहून केलेल्या लग्नाला मराठीत नेमका शब्द कोणता? आमची सिन्नरची आजी 'साटंलोटं' म्हणते, पण तो तर भ्रष्टाचाराचा शब्द ना?"

शब्द लग्नाचाच, एवढ्यापुरती आजी बरोबर आहे, बातम्या देणारे चुकताहेत. 'ठेकेदार-अधिकाऱ्यांचं साटंलोटं' ऐकून माझे कान किटले. त्याला 'संगनमत' असा धडधाकट शब्द आहे, तो काय गंजायला ठेवलाय? साटंलोटं म्हणजे मुलगी देऊन मुलगी घेणं. तुमची बहीण माझ्या घरात, माझी तुमच्या. हुंड्याचा प्रश्न मिटतो, पण एका घरी सुनेला त्रास झाला की दुसऱ्या घरी उट्टं निघतं. राजस्थानात याला आटा-साटा म्हणतात, पाकिस्तानात वट्टासट्टा. 'लोट्या'च्या मागे लागू नका, माझ्या मते ते नुसतं जोडीला आलंय. मजा सगळी 'साट्या'त आहे.

साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. प्राकृतात 'सट्ट'. बाजारातला सट्टा याच कुळातला. पण त्याहून गमतीचा भाऊबंद बघायचा तर आमच्या नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आसपास टायपिंगवाल्यांच्या पाट्या वाचा: 'साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र'. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेणारा जो तो साठेखतावर सही ठोकतो आणि हे साठे कोण, असं एकालाही विचारावंसं वाटत नाही! साठे कुणीच नाहीत. शब्द आहे 'साटेखत', म्हणजे सौदा ठरल्याचं खत. पुरावा हवा तर पेठ-सुरगाण्याची हद्द ओलांडा. पलीकडे गुजरातीत याच कागदाला 'साटाखत' म्हणतात, ट शाबूत ठेवून. एका वकील स्नेह्यांनी मला ऐकवलं होतं की घेणारा पैसे 'साठवून' आणतो म्हणून साठेखत. वकिलांनी कलमं सांभाळावीत. (कलमावरून आठवलं: १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. साठेखत हा साखरपुडा, खरेदीखत हे लग्न.)

आता माझं लाडकं मत. आपलं 'साठी' हे शब्दयोगी अव्ययसुद्धा या साट्याचंच लेकरू आहे. गुजरातीत 'साटे' म्हणजे 'च्या बदल्यात'. तुकोबांच्या गाथेत 'साठी'च्या जागी 'साटीं' सर्रास भेटतं. म्हणजे 'अमक्यासाठी' याचा मूळ अर्थ 'अमक्याच्या मोबदल्यात'. यावर व्याकरणवाले नाक मुरडतात: ट-चा ठ उगाच होत नसतो म्हणे. अहो, साटेखताचं साठेखत तुमच्या डोळ्यांदेखत, मुद्रांकाच्या कागदावर झालंय, आणि दुय्यम निबंधकाचा शिक्काही त्यावर बसतो! याहून नोंदणीकृत पुरावा कुठल्या व्युत्पत्तीला मिळालाय?

तेव्हा 'जमिनीसाठी लग्न', 'नोकरीसाठी लग्न' म्हणणारा तर सौद्याची भाषा बोलतोच, 'प्रेमासाठी' म्हणणाराही त्याच वहीत नोंद करून जातो.

हां, मूळ प्रश्न राहिला. नुसता पैसा किंवा जमीन बघून केलेल्या लग्नाला साटंलोटं म्हणू नये. त्याला दोन घरं आणि दोन मुली लागतात, त्याशिवाय साटं पुरं होत नाही. बाकीच्यांना सरळ 'सोय बघून केलेलं लग्न' म्हणा. मात्र त्याचा 'सोयरीक' असा संक्षेप करू नका. सोयरिकीचा सोयीशी संबंध नाही, 'सोय जाणे तो सोयरा' ही म्हण काहीही सांगो. लाजरा, हसरा, बोचरा यांतला 'रा' क्रियापदाला लागतो, आणि 'सोयणे' असं क्रियापद मी तरी ऐकलेलं नाही. सोयरा आला 'सोदर'वरून, म्हणजे एकाच पोटचा. पाठच्या भावाचा व्याही कसा झाला, ते कुणी विचारलं तर सांगेन.