टेराफ्लॉप्स तोंडपाठ आहेत, आता पुढे काय?

प्रश्न : मी यंदा बारावीला आहे. गेम खेळते, पण त्याहून जास्त मला कन्सोलबद्दल, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांबद्दल, वाचायला आवडतं. कुठल्या कन्सोलमध्ये किती मेमरी, किती टेराफ्लॉप्स (म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणिती क्रिया), कुठला स्टुडिओ कुणी विकत घेतला, सगळं तोंडपाठ आहे. त्यावर मी नियमित लिहितेही. मला गेम डेव्हलपमेंटचीच पदवी घ्यायची आहे. बाबा म्हणतात, त्या क्षेत्रात रोज माणसं कमी करतायत, त्यापेक्षा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर. आई म्हणते, लिहितेस चांगलं, पत्रकारितेकडे जा. कोडिंग शाळेत शिकवलं तेवढंच येतं. लॅपटॉप जुना आहे, तो पुरेल का? काय करू?

उत्तर : आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. पदवी कॉम्प्युटर सायन्सची किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची घे. गेम बनवायला मात्र आत्ताच लाग, त्यासाठी पदवीची वाट बघू नकोस. लिहिणंही चालू ठेव, पण काय लिहितेस ते थोडं बदल.

तुझ्या पत्रात कन्सोलची माहिती भरभरून आहे, पण तू स्वतः बनवलेल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. तुझी आवड खरी आहे याबद्दल मला शंका नाही. इतकी वर्षं इतक्या बारकाईने एखाद्या विषयाच्या मागे राहणं सगळ्यांना जमत नाही. फक्त ती आवड अजून बातमीपाशी थांबलेली आहे, आणि नोकरी देणारा त्याच्या एक पाऊल पुढचं विचारतो.

तुझंच उदाहरण घेते. तू लिहिलंयस की २०२० साली आलेल्या कन्सोलपैकी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा, तर सोनीचा प्लेस्टेशन ५ हा १०.२८ टेराफ्लॉप्सचा. बरोबर. आता हा १०.२८ आला कुठून, ते बघू. प्लेस्टेशन ५ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कम्प्यूट युनिट्स आहेत. प्रत्येकात ६४ छोटी गणनयंत्रं. प्रत्येक यंत्र चिपमधल्या घड्याळाच्या एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करू शकतं. ठोके सेकंदाला जास्तीत जास्त २.२३ अब्ज. ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३ अब्ज, कर गुणाकार. सिरीज एक्ससाठी ५२ युनिट्स आणि १.८२५ अब्ज ठोके घाल, १२.१५ येईल. म्हणजे हा आकडा कुणी गेम चालवून मोजलेला नाही, कागदावर गुणाकार करून काढलेला आहे. सगळी यंत्रं प्रत्येक ठोक्याला कामात असतील तरच तो खरा ठरतो. प्रत्यक्षात यंत्रं बराच वेळ मेमरीतून माहिती यायची वाट बघत बसतात. म्हणूनच सुरुवातीच्या कित्येक गेममध्ये या दोन कन्सोलांत फारसा फरक दिसला नाही, आणि काही ठिकाणी तर प्लेस्टेशन पुढे राहिला.

२००६ च्या प्लेस्टेशन ३ ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यातला सेल प्रोसेसर कागदावर जबरदस्त होता. पण त्याच्या मदतनीस प्रोसेसरांना स्वतःची जेमतेम २५६ किलोबाइट मेमरी होती, आणि लागेल ती माहिती प्रोग्रामरने स्वतः त्यात आणून टाकायची, काम झालं की परत न्यायची. मुख्य मेमरीही २५६ आणि २५६ मेगाबाइट अशी दोन भागांत वाटलेली. त्याच काळातल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ मेगाबाइट एकसंध होती. परिणामी दोन्हीकडे निघालेले बरेच गेम पहिली काही वर्षं प्लेस्टेशन ३ वर अडखळत चालले. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये सोनीने तो सगळा प्रकार सोडून साध्या पीसीसारखा प्रोसेसर आणि ८ जीबीची एकसंध मेमरी दिली, तेव्हा प्रोग्रामरांनी सुटकेचा श्वास टाकला. या बातम्या तू वाचल्याच असशील. त्यांच्या मागचं ‘का’ तुला कळायला हवं असेल, तर ते कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटा स्ट्रक्चर्स या तीन विषयांत आहे. मी कॉम्प्युटर सायन्सचा आग्रह धरते तो याचसाठी.

गेम डेव्हलपमेंटच्या पदव्या सगळ्याच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून घे आणि त्यात हे तीन विषय आणि लिनिअर अल्जिब्रा (व्हेक्टर, मॅट्रिक्सचं गणित) आहे का, ते बघ. असेल तर विचार कर. एखाद्या इंजिनची, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची, बटणं कुठं आहेत एवढंच तीन-चार वर्षं शिकवणार असतील, तर तिकडे फिरकू नकोस. साधन कधी पायाखालून सरकेल सांगता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने अचानक जाहीर केलं की ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे डेव्हलपरकडून शुल्क घेणार. एवढा गदारोळ झाला की वर्षभराने तो निर्णय मागे घ्यावा लागला, पण तोवर कितीतरी लोक दुसऱ्या इंजिनकडे वळले होते. ज्यांचा पाया पक्का होता ते काही आठवड्यांत नव्या इंजिनवर रुळले. ज्यांना फक्त ते एकच इंजिन येत होतं, त्यांची पंचाईत झाली.

आता बाबांच्या काळजीकडे येते. ती उडवून लावण्यासारखी मुळीच नाही, आणि त्यांच्याशी या विषयावर वाद घालताना तू आकडे लपवू नयेस असं मला मनापासून वाटतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरना अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या गेम कंपनीची खरेदी पूर्ण केली आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातली १,९०० माणसं कमी केली. फेब्रुवारीत सोनीने प्लेस्टेशन विभागातली सुमारे ९००, म्हणजे आठ टक्के. चांगला, वाखाणला गेलेला गेम देऊनही स्टुडिओ बंद झाल्याची उदाहरणं आहेत. मोठा गेम बनायला पाच-पाच, सहा-सहा वर्षं लागतात, खर्च अवाढव्य असतो, आणि साथीच्या काळात मागणी वाढली तेव्हा कंपन्यांनी भरमसाट भरती करून ठेवली होती. शिवाय गेम प्रकाशित व्हायच्या आधीचे महिने रात्रंदिवस काम करावं लागण्याचा प्रकार या क्षेत्रात जुना आहे. हे सगळं माहीत असून तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण परतीचा रस्ता मोकळा ठेवून जा. ग्राफिक्स, नेटवर्किंग, कमी वेळात जास्त काम करून घेणारा कोड, ही कौशल्यं वाहनांच्या सिम्युलेटरपासून वैद्यकीय प्रतिमांपर्यंत आणि सिनेमाच्या व्हिज्युअल इफेक्ट्सपर्यंत सगळीकडे लागतात. कॉम्प्युटर सायन्सची पदवी असेल तर ती दारं उघडी राहतात. बाबांना हे असं सांगितलंस, तर तुमचं दोघांचं म्हणणं एकच आहे हे त्यांच्याही लक्षात येईल.

गेम प्रोग्रामरचं रोजचं काम कसं असतं, ते एका उदाहरणावरून दाखवते. हे मला फार आवडतं. जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू होताना पीसीवर मिनिटंच्या मिनिटं लागायची. लोकांनी ते नशीब म्हणून स्वीकारलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रामरने, मूळ कोड हाताशी नसताना, प्रोफायलर (प्रोग्रामच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावून बघितलं की हा वेळ जातो कुठं. सापडलं ते असं. गेम सुरू होताना विकत घेता येणाऱ्या सुमारे ६३,००० वस्तूंची यादी असलेली दहा मेगाबाइटची मजकूर-फाइल वाचली जात होती. त्यासाठी वापरलेलं फंक्शन प्रत्येक नोंद वाचण्याआधी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजत होतं. पुस्तकातला प्रत्येक शब्द वाचण्याआधी शेवटच्या पानापर्यंतची सगळी अक्षरं मोजावीत, तसं. वर प्रत्येक नवी वस्तू आधी यादीत आहे का, हे बघायला आधीच्या सगळ्या वस्तूंशी एकेक करून ताडून पाहिलं जात होतं. ६३,००० वस्तूंसाठी ही तुलना जवळपास दोनशे कोटी वेळा होते. त्याने लांबी एकदाच मोजून लक्षात ठेवली, ताडून पाहणं काढून टाकलं, आणि त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने त्याचं म्हणणं मान्य केलं, त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं आणि मार्चमध्येच अपडेट काढला.

यात कुठलंही गूढ ज्ञान नाही. यादी वाढली की काम किती पटीने वाढतं, हा डेटा स्ट्रक्चर्सच्या पहिल्या काही तासांत येणारा विषय आहे. हवी होती ती चिकाटी, आणि ‘हे असंच असतं’ यावर विश्वास न ठेवण्याची वृत्ती. तू आकड्यांच्या मागे ज्या हट्टाने लागतेस, तो हट्ट इथे वळवता येईल असं मला खरोखर वाटतं.

आणि गणित. पत्रात तू जाता जाता लिहिलंयस, ‘व्हेक्टर कंटाळवाणे वाटतात.’ एक करून बघ. शत्रू ज्या दिशेला बघतोय तो एक व्हेक्टर, शत्रूपासून खेळाडूपर्यंतचा दुसरा. दोघांचा डॉट प्रॉडक्ट काढ. उत्तर धन आलं तर खेळाडू त्याच्या समोरच्या बाजूला, ऋण आलं तर पाठीमागे. लपूनछपून खेळायच्या गेममध्ये पहारेकऱ्याने तुला बघितलं की नाही, हे ठरवण्याची पहिली पायरी हीच असते. तुझ्या पाठ्यपुस्तकातलं तेच सूत्र.

सुरुवात कुठून करायची? चेंडू आणि फळी, एवढाच गेम बनव. पहिल्याच आठवड्यात तुला एक अडचण येईल, तिचा उपाय मी आधी सांगून मजा घालवत नाही, फक्त दिशा देते. चेंडूचा वेग वाढवत ने. एका क्षणी तो फळीला न लागता आरपार जाईल. फळी दहा पिक्सेल जाड, चेंडू एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, वीस पिक्सेल पुढे. मागच्या फ्रेमला तो अलीकडे होता, या फ्रेमला पलीकडे, मधे तो कधी नव्हताच. याला काय उपाय, ते स्वतः शोध, कागदावर रेघा मारून शोध. मग प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागतोय ते मोज. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेममागे तुझ्या हातात १६.६७ मिलिसेकंद असतात. त्यात बटण वाचणं, हालचाल, टक्कर, चित्र, आवाज, सगळं बसवायचं. हे बसवताना तहानभूक विसरलीस तर क्षेत्र तुझं आहे. आठ दिवसांत कंटाळलीस आणि पुन्हा बातम्या वाचाव्याशा वाटल्या, तर तेही शांतपणे मान्य कर. पदवी वाया जात नाही, आणि तुझ्याजवळ दुसरा गुण आहेच.

तो गुण म्हणजे लेखन. आई म्हणते त्यात तथ्य आहे. तू पाठवलेले लेख मी वाचले. भाषा स्वच्छ आहे, वाचकाला धरून ठेवतेस. पण बहुतेक लेख दुसऱ्यांनी फोडलेल्या अफवांची उजळणी आहेत, आणि अफवा महिन्याभरात शिळी होते. स्टेडियाच्या, म्हणजे इंटरनेटवरून गेम खेळवणाऱ्या सेवेच्या, वेळी आठव, नोव्हेंबर २०१९ मध्ये गुगलने ते सुरू केलं तेव्हा ‘आता कन्सोल संपले’ असे किती लेख आले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते बंदच झालं. त्या लेखांतले जे आजही वाचावेसे वाटतात, ते इंटरनेटवरून बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजून लिहिलेले. तू तसं लिही. महिन्याला एकच लेख, पण त्यात एक तरी गोष्ट तू स्वतः मोजलेली, चालवून बघितलेली किंवा कोड लिहून पडताळलेली असू दे. निव्वळ गेमविषयक पत्रकारितेत कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत, त्यामुळे तेवढ्यावर अवलंबून राहा असं मी सांगणार नाही. पण तांत्रिक दस्तावेज लिहिणं, डेव्हलपरांसाठी मार्गदर्शिका तयार करणं, ही कामं सॉफ्टवेअर कंपन्यांत असतात, आणि कोड समजणारी व नीट लिहिणारी व्यक्ती त्यांना सहजासहजी मिळत नाही.

राहिला लॅपटॉप. पुरेल. गोडो इंजिन मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे, टूडी गेमसाठी त्याला फार ताकद लागत नाही. थ्रीडीच्या मागे पहिल्या वर्षी लागूच नकोस. आणि तुला कन्सोलसाठीच काही करायचं असेल तर, आजच्या कन्सोलच्या डेव्हकिट, म्हणजे गेम बनवण्यासाठीची खास यंत्रं, नोंदणी केलेल्या डेव्हलपरांनाच, गुप्ततेचा करार करून मिळतात, पण १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी कोणीही गेम लिहू शकतं. जीबीडीके हे साधन फुकट आहे, सी भाषेत लिहायचं, इम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवायचं. आठ किलोबाइट मुख्य मेमरी, १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, चार छटा. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडपं एकाच चित्राला वेगळे रंग देऊन केलेली आहेत, कारण १९८५ चा तो अख्खा गेम ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. गेम बॉयवर तुलाही अशाच युक्त्या शोधाव्या लागतील. चेंडू-फळीचा गेम गोडोमध्ये झाला की तोच गेम बॉयवर करून बघ. तुझा लॅपटॉप कितीही जुना असला तरी त्याला हे काम जड जाणार नाही.